भिंगरीचं कार्ड

थोरल्या बाईंच्या वर्गातला फळा फार खाली लावलेला होता. मोठ्या माणसाला त्यावर लिहायचं तर कमरेत वाकावं लागे. नवा पालक आला की हटकून विचारायचा, "बाई, फळा घसरला का?" आणि बाई हटकून सांगायच्या, "घसरला नाही. ज्यांचा आहे त्यांच्या उंचीवर आहे."

वर्ग म्हणजे राहत्या घराचीच पुढची खोली. बुटकी बाकं, खिडकीखाली वाळू भरलेला ट्रे, कोपऱ्यातल्या टेबलावर जुना कॉम्प्युटर. इथे यायची ती डोळ्यांसमोर अक्षरं स्थिर न बसणारी मुलं. बाकीच्या शाळांनी त्यांना 'ढ' ठरवून हात झटकलेले असायचे. बाई आधी वाळूत अक्षर गिरवून घ्यायच्या, मग मुलाला पाठमोरं बसवून त्याच्या पाठीवर बोटाने तेच अक्षर काढायच्या. "डोळे फसवतात रे," त्या म्हणायच्या, "पाठ नाही फसवत." पाठीने ओळखलेलं अक्षर मूल सहसा विसरत नसे.

हा वर्ग त्या आणि त्यांची धाकटी बहीण मिळून चालवायच्या. मुलांच्या लेखी एक थोरल्या बाई, दुसऱ्या धाकट्या बाई. प्रत्येक मुलाचं कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड होतं. कोणतं अक्षर येतं, कोणतं निसटतं, कोणत्या युक्तीने बसलं, मूल कशाने बिथरतं, सगळं त्यात. संध्याकाळी मुलं गेली की धाकटी टाइप करायला बसायची आणि थोरली तिच्या खांद्याशी उभी राहायची.

"'र येतो' असं लिहू नकोस. 'येऊ लागला' लिही."

"ताई, येतो गं त्याला र. सकाळपासून बिनचूक वाचतोय."

"उद्या वाचू दे. मग 'येतो' लिहू."

थोरलीने 'हं' म्हटल्याशिवाय धाकटीने सेव्हचं बटण दाबायचं नाही, असा त्या घरातला रिवाज होता. तो कधी पडला, कुणी पाडला, हे दोघींनाही आठवत नव्हतं. निदान थोरलीला तरी आठवत नव्हतं.

सुट्टी संपून वर्ग उघडायच्या दिवशी बाईंनी बाकं पुसली, वाळू चाळून घेतली आणि दार उघडं टाकून बसल्या. कुणीच आलं नाही. ऊन दारातून आत आलं, ट्रेपर्यंत सरकलं, परत गेलं. शेवटी त्यांनी एका मुलाच्या वडिलांना फोन लावला.

"अहो बाई, तुम्हाला माहीत नाही?" ते गडबडले. "धाकट्या बाईंनी नवीन जागा घेतलीय ना, पुलापलीकडे. आम्हाला वाटलं, दोघी मिळूनच जाताय."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. पालकांना, मुलांना, कोपऱ्यावरच्या वाण्याला सुद्धा. ठाऊक नव्हतं ते फक्त जिच्या घरात वर्ग होता तिला.

संध्याकाळी धाकटी आली. दारातच उभी राहिली, चपलाही काढल्या नाहीत. हातात कागदी पाकिटातली एक सीडी होती.

"आधी मला का नाही सांगितलंस?" थोरलीने विचारलं.

"सांगितलं असतं तर 'हं' म्हणाली असतीस?"

धाकटीने पाकीट पुढे केलं. मग म्हणाली, "मुलांची सगळी कार्डं आहेत यात. मी काही तुझं घेऊन पळाले नाही, ताई. एक तुला, एक मला."

"मूळ फाइल कुणाकडे?"

"फाइलला कसलं आलंय मूळ? दोन्ही सारख्याच."

बाई रडल्या नाहीत. कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं की राग बहिणीचा नाही, अर्धवट सुटलेल्या मुलांची काळजी आहे. ते खोटंही नव्हतं, पण त्याखाली काहीतरी ठसठसत होतं. ज्या पोरीच्या वेण्या घातल्या, जिच्या हातात पहिला खडू दिला, तिने केसाने गळा कापला होता.

त्यांनी सीडीवरची फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली आणि पहिलंच कार्ड उघडलं ते भिंगरीचं. भिंगरी ही शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. एका जागी बूड टिकत नाही म्हणून हे नाव पडलेलं. सुट्टीनंतर तिला 'झ' द्यायचा असं ठरलं होतं. बाईंनी रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'झ सुरू', आणि बटण दाबलं. वरच्या बाजूला एक पिवळी पट्टी आली. ही फाइल फक्त वाचण्यासाठी उघडली आहे. बदल जतन होणार नाहीत.

बाई घाबरल्या नाहीत. सीडीवरून उतरवलेली फाइल कधीकधी अशी अडते, हे त्यांना माहीत होतं. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन त्यांनी 'रीड-ओन्ली'पुढची बरोबरची खूण काढली, फाइल पुन्हा उघडली. पिवळी पट्टी तशीच. गुणधर्म पाहिले तर खूण परत आलेली.

"बरं," बाई फाइलला म्हणाल्या. हट्टी मुलाला म्हणायच्या तसंच. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी पायरीवर भिंगरी बसली होती.

तेच दप्तर, तेच आखूड कापलेले केस, जिभेने पुढचा दुधाचा दात हलवत बसायची तीच सवय. बाईंना इतका आनंद झाला की त्या तिच्या शेजारी पायरीवरच बसल्या.

"तू नाही गेलीस तिकडे?"

"कुठे तिकडे?" भिंगरी म्हणाली. "बाई, आज झ ना?"

पडत्या घराला एक वासा पुरतो म्हणतात. बाईंना वाटलं, चला, एका आईने तरी धरून ठेवलं. आणि त्याच क्षणी त्यांनी मनाशी गाठ बांधली, की ही पोर वाचती करायची. एक मूल आपल्या हाताखाली वाचतं झालं की वर्ग बंद पडला असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. धाकटीची तर नाहीच.

त्या दिवशी वाळूत झ झाला, पाठीवर झ झाला. भिंगरीने खांदे उडवत ओरडून सांगितलं, "झ! गुदगुल्या करणारा झ!" जाताना तिने दारावरच्या पाटीतला झ सुद्धा ओळखला. दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर झ काढला.

"हे काय आहे गं?"

भिंगरीने मान वाकडी करून पाहिलं. "हे नवीन आहे?"

असं होतं. अशी मुलं विसरतात, म्हणून तर बाई 'येऊ लागला' लिहायला लावायच्या. त्यांनी पुन्हा वाळू घेतली. पुन्हा गुदगुल्या, पुन्हा "झ!" आणि सकाळी पुन्हा तीच वाकडी मान, तोच प्रश्न. बाईंनी युक्त्या बदलल्या. पिठाच्या गोळ्याचा झ केला, दोरीचा केला, अंगणात झच्या आकाराचा मोठा रस्ता आखून तिला त्यावरून पळवलं. दुपारपर्यंत पोरीला झ पक्का यायचा. सकाळी कोरी पाटी. असे काही महिने गेले. आधीची सगळी अक्षरं मात्र तिला चोख येत होती.

मग दाताचं झालं. एका दुपारी हलणारा दात वाळूच्या ट्रेमध्येच पडला. भिंगरीला कोण अभिमान! बाईंनी तो धुऊन कागदाच्या पुडीत बांधला. "आईला दाखव हं," म्हणाल्या, पण जाण्याच्या घाईत पोर पुडी टेबलावर विसरली. सकाळी बाईंनी हाक मारली, "अगं, तुझा दात राहिला."

"कुठला दात?" भिंगरी हसली. पुढचा दात जागेवर होता. ती तो जिभेने हलवत होती.

बाईंनी टेबलाशी जाऊन तिच्याकडे पाठ करून पुडी उघडली. पुडीत दात होता.

त्यांनी पुडी पुन्हा बांधली, आणि त्या दिवशी त्यांचं शिकवण्यात लक्ष लागलं नाही.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक गृहस्थ त्याच भागात राहायचा. कानावर सतत पेचकस खोचलेला, म्हणून मुलं त्याला पेचकसकाका म्हणत. बाईंनी त्याला बोलावलं ते फाइलसाठी. दुसऱ्या गोष्टीसाठी कुणाला बोलावतात ते त्यांना माहीत नव्हतं.

"सीडीवरून आलेल्या फाइलला हा रोग असतोच, बाई," तो खुर्ची ओढत म्हणाला. "सीडीवर काही लिहिता येत नाही ना, मग फाइलही तोच स्वभाव घेऊन उतरते. माहेरची सवय."

"खूण काढली मी. परत येते."

"परत कशी येते, बघतोच."

"तुमच्या कानावर काय आहे?" भिंगरीने विचारलं.

"हे? याने मी मोठ्या माणसांची डोकी उघडतो," तो म्हणाला आणि ती खिदळली.

त्याने खूण काढली. फोल्डरच्या परवानग्या तपासल्या. "हे बघा, फाइलच्या मालकाच्या जागी तुमच्या बहिणीचं नाव आहे. तुम्हाला नुसती वाचायची मुभा." त्याने मालक बदलून थोरल्या बाई केल्या. तेवढ्यावर न थांबता एक कोरी फाइल तयार केली, सगळी कार्डं तिच्यात ओढून घेतली आणि भिंगरीच्या कार्डात लिहिलं, 'पेचकसकाका येऊन गेले.' जतन झालं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तरी होतं.

"घ्या! नवी कोरी, सर्वस्वी तुमची."

बाईंनी त्याच्यादेखत 'झ येऊ लागला' असं लिहिलं. 

सकाळी पिवळी पट्टी होती. ओळ नव्हती, मालक धाकटी होती, आणि फळ्यासमोर भिंगरी मान वाकडी करून विचारत होती, "हे नवीन आहे?"

पेचकसकाका पुन्हा आला. त्याने खुर्ची ओढली.

"तुमच्या कानावर काय आहे?" भिंगरीने विचारलं.

तो थांबला. "कालच सांगितलं की तुला."

"काल?" ती म्हणाली. "काल तुम्ही कुठे आला होतात?"

थट्टा नव्हती. त्याने पोरीकडे नीट पाहिलं, मग पेचकस काढून खिशात ठेवला. थोडा वेळ त्याने बटणं दाबली, पण त्याचं लक्ष पडद्यावर नव्हतं.

"बाई, तुमच्या मशीनला काहीही झालेलं नाही," तो उठत म्हणाला. आणि दाराशी, आवाज उतरवून, "हिची आई कुठे असते?"

आईला शोधायला बाईंना लांब जावं लागलं नाही. ती दोऱ्याच्या दुकानात रिळं जुळवत उभी होती. बाईंना पाहताच तिने पदर सावरला आणि मान खाली घातली.

"बाई, तुमच्यासमोर यायला तोंड नाही हो. सगळ्यांनी मुलं तिकडे घातली, मग आम्हीही… पण तुमचं नाव रोज निघतं घरात."

"पण भिंगरी तर माझ्याकडे येते."

आई कसनुसं हसली. "तुमच्याकडे? नाही बाई. मी स्वतः सोडते तिला पुलापलीकडे आणि मीच आणते. आता वाचते की ती! पाट्या वाचते, औषधाच्या बाटल्या वाचते, डोकं खाते नुसतं." मग तिला बाईंचा चेहरा दिसला. "बाई, बसता का जरा? पाणी आणू?"

बाई बसल्या नाहीत. घरी आल्या तर भिंगरी खिडकीखाली वाळूत बोटाने रेघा ओढत होती. त्यांना आठवलं की ही पोर संध्याकाळी "येते बाई" म्हणून निघते आणि कोपऱ्यावर वळते, एवढंच आपण पाहिलं आहे. वळल्यावर कुठे जाते ते कधी पाहिलं नाही. विचारायचं धैर्यही त्यांना झालं नाही.

"चल," त्या म्हणाल्या. "आपण धाकट्या बाईंकडे जाऊ."

पोरीचा हात हातात ऊबदार होता. पुलावर ती कठड्याच्या गजांना बोट लावत चालली, मध्येच उड्या मारल्या, चपलेत खडा गेला म्हणून थांबली. तिच्या सावलीसकट सगळं जसं असावं तसं होतं.

नव्या जागेला काचेचं दार होतं. आत रंगीत खुर्च्या, आणि भिंतीवर मोठ्या माणसाच्या उंचीवर लावलेला पांढराशुभ्र फळा. धाकटी बाहेर आली. आधी तिने बहिणीकडे पाहिलं, मग तिचा हात धरून उभ्या असलेल्या मुलीकडे. बाईंना वाटलं होतं ती किंचाळेल, निदान दचकेल. तिने नुसतं डोकं कलतं केलं. जुना फोटो हाती लागल्यावर माणूस करतं तसं.

"केस किती आखूड होते ना तेव्हा," ती म्हणाली.

काचेपलीकडे खिडकीजवळच्या खुर्चीत भिंगरी बसली होती. केस खांद्यावर आले होते. पुढचा दात नवा, रुंद, करवतीसारख्या कडेचा. मांडीवर पुस्तक होतं, आणि ती बोट न ठेवता, न अडखळता, मोठ्याने वाचत होती. झाडावरून झेपावणाऱ्या कुठल्याशा पक्ष्याची गोष्ट होती. तिने पान उलटलं.

"ही आत आहे, तर माझ्याबरोबर आहे ती…" बाई बहिणीकडे वळल्या. "काय केलंस तू?"

"मी काय करणार? कॉपी केली, ताई. तुझ्या डोळ्यांदेखत दिली."

"मग माझी का शिकत नाही?"

धाकटीने काचेवरचा एक डाग बोटाने पुसला. "कॉपी करताना मशीनने विचारलं होतं. समोरच्याला बदल करू द्यायचे का, म्हणून."

"आणि?"

"आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तुझं 'हं' यायची वाट पाहिली नाही." ती शांतपणे म्हणाली. "मी नाही म्हटलं. मला वाटलं, फाइलबद्दलच विचारतंय."

"मग आता हो म्हण. अगं पोरी, माझ्यासाठी नको. हिच्यासाठी म्हण."

"म्हणून पाहिलं. पहिल्याच आठवड्यात. ते पुन्हा विचारत नाही." धाकटीने दाराच्या मुठीवर हात ठेवला. "तुझी तुझ्याकडे सांभाळ, ताई. इथे नको आणूस. मुलं घाबरतील."

दार लागलं. काचेला लहानसा तळहात टेकून बाईंची भिंगरी आत पाहत होती.

"बाई," ती म्हणाली, "ती वाचते ते मला का येत नाही?"

परतीच्या वाटेवर ती रडली. लहान मुलं रडतात तशी, हुंदके देत, नाक ओढत. बाईंनी तिला कडेला बसवून डोळे पुसले. "उद्या येईल हं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतकी वर्षं प्रत्येक मुलाला त्यांनी हे वाक्य दिलं होतं. आज ते जिभेवर येईना. उद्या हिला हे रडणंसुद्धा आठवणार नव्हतं.

कोपऱ्यावर भिंगरी म्हणाली, "येते बाई," आणि वळली. बाई तिच्या मागे गेल्या नाहीत.

घरी येऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. भिंगरीचं कार्ड उघडलं. कार्ड पुसून टाकायचं बटण कुठे असतं ते त्यांना माहीत होतं. पोरीची सुटका असेल तर त्यातच असेल, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल स्वतःची शिसारीही आली. डोळे मिटून त्यांनी बटण दाबलं.

पिवळी पट्टी आली. बदल करता येणार नाहीत.

बाईंनी श्वास सोडला. तो सुटकेचा होता की कसला, त्यांनी तपासलं नाही.

वर्गात रिकामी बाकं होती. धाकटीकडे भरलेल्या खुर्च्या होत्या, तिथली मुलं दर दिवशी थोडी मोठी होत होती, आणि त्यांतल्या एकालाही थोरल्या बाईंची आठवण काढायला वेळ नव्हता. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. सीडी मिळाल्यापासून त्यांनी एकच कार्ड उघडलं होतं, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. खाली उजवीकडे पुढच्या कार्डाकडे नेणारा बाण होता.

काही लिहायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. वाचायला तर परवानगी होती.

त्यांनी बाण एकदा दाबला.

सकाळी त्या जाग्या झाल्या तेव्हा पुढच्या बाजूने बोलण्याचा आवाज येत होता. भिंगरी कुणाला तरी सांगत होती, "आज मला नवीन अक्षर मिळणार आहे." बाईंनी दार उघडलं. पायरीवर भिंगरीच्या चपला होत्या. शेजारी बुटांचा एक छोटा जोड, डावा बूट उजवीकडे, उजवा डावीकडे. काल उघडलेल्या कार्डावरचा मुलगा ते नेहमी असेच काढायचा, आणि बाई रोज वाकून ते सरळ लावायच्या, म्हणजे बघून बघून त्याला एक दिवस डावं-उजवं कळेल.

आज त्या वाकल्या नाहीत.